लिलियनच्या खाटेखालचं पाणी

१२ नोव्हेंबर, बुधवार

लिलियन आज शिरोड्याला गेली, बहिणीकडे. रिक्षात बसताना म्हणाली, "जमीन सुकली की सांग. येतलंय." चौतीस वर्षांच्या संसारात माझी बायको मला सोडून चार दिवसांच्या वर कुठे राहिली नव्हती. आता जमीन सुकेपर्यंत राहणार म्हणते.

ही वही खरं तर विज्ञानाची प्रयोगवही आहे. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा कपाटात अकरा कोऱ्या सापडल्या, त्या घरी आणल्या. डावीकडे आकृतीसाठी कोरं पान, उजवीकडे रेघा. एकतीस वर्षं मी पोरांच्या असल्या वह्या तपासल्या आणि खाली लाल पेनाने 'पायस' अशी सही ठोकली. आता स्वतः लिहायला घेतली, कारण या प्रकरणात डोकं ठिकाणावर असलेला मी एकटाच आहे आणि नोंद कोणीतरी ठेवायलाच हवी. ही वही कोणी वाचण्यासाठी नाही.

हकीकत अशी, की पाऊस संपला आणि आमच्या झोपायच्या खोलीतली जमीन ओली होऊ लागली. पावसात ठणठणीत होती, हे विशेष. आधी लाद्यांच्या सांध्यांत काळी रेघ आली, मग खाटेच्या पायांखाली गंजाची वर्तुळं, मग भिंतीचा खालचा हातभर गिलावा फुगून पडायला लागला. लिलियनला लहानपणापासून दमा. दिवाळीपासून तिची छाती वाजायला लागली ती थांबेना. डॉक्टर म्हणाले, घर ओलं आहे तोवर औषधांचा उपयोग नाही, बाईंना कोरड्या जागी ठेवा. एवढं सांगायला माणसाला इतकी वर्षं शिकावं लागतं. मी तिला म्हटलं, पाहुणे नसतील तेव्हा मागच्या नव्या खोलीत झोप. तर म्हणाली, "माज्याच घरात मी पावणी म्हणान ऱ्हवू?"

तिला न्यायला ग्लिनिस आली होती, तिची धाकटी बहीण. खोलीत पाऊल टाकलं आणि लगेच कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. "लिली गो, गुलाबाचो वास! सायबीण इली तुज्या घराक!" लिलियननेही मान हलवली. "माका पण येता. धा दिस झाले." मला कसलाही वास आला नाही. करोनाने माझं नाक नेलं ते परत आणून दिलं नाही. पण नाक शाबूत असतं तरी मी ओलीतून सायबीण शोधून काढली नसती. प्रभूच्या आईला दर्शन द्यायला साऱ्या देवबाग गावात बुरशी धरलेली खाटच सापडली म्हणे. अशा बाईच्या हाती मी माझी बायको दिली.

घराची माहिती लिहून ठेवतो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी, मध्ये वाळूची पट्टी आणि तिच्यावर आम्ही. पण घराच्या जोत्यात वाळू नाही, वडिलांनी आतल्या गावातून लाल माती आणून भराव केला होता. या मे महिन्यात मी मागच्या अंगणात पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. पूर्वी आमच्या न्हाणीचं पाणी उघड्या पाटाने मागच्या माडाच्या आळ्यात जायचं. इथे घरोघर तसंच जातं. पुण्याची एक बाई खोल्या बघायला आली, तिने त्या पाटाकडे बघून नाकाला रुमाल लावला. मला शरम वाटली. आठवड्याच्या आत पाट बुजवला, सगळ्या न्हाण्यांचं पाणी पाइपाने घराच्या मागच्या भिंतीलगत झाकणबंद शोषखड्ड्यात सोडलं आणि अंगणभर सिमेंटच्या लाद्या बसवल्या. आता मागच्या दारी चिखलाचा ठिपका दिसणार नाही.

म्हणजे माझ्या बाजूने सगळं शास्त्रशुद्ध आहे. पाणी बाहेरून येतंय. कुठून येतंय ते मी शोधणार, आणि नाताळाला लिलियन या घरात असणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाबली मेस्त्री आला. खोल्या त्यानेच बांधल्या, शोषखड्डाही त्यानेच खणला, आणि खणतानाही कुरकुरत होता. आज हातोडीच्या दांड्याने लाद्या वाजवत खोलीभर फिरला. खाटेच्या खालची एक लादी काढली, लाल माती मुठीत घेऊन दाबली. बोटांमधून पाणी ओघळलं.

"सर, मागल्या दारचा पाणी खंय जाता?"

"शोषखड्ड्यात. तूच खणलास ना?"

"तो मी खणलंय. पण थंयसून खंय जाता?"

आता याला काय सांगणार! मी वहीच्या डाव्या पानावर आकृती काढली. खड्डा, खड्ड्यात दगड, दगडांखाली वाळू. पाणी वाळूत मुरतं, मुरलं की विषय संपला. बाबली पाच मिनिटं आकृतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "चित्र बरा आसा." मग तंबाखू मळली. हातात ओळंबा आला की माणूस स्वतःला भूगर्भशास्त्रज्ञ समजतो.

त्याच्याकडून एकच काम करून घेतलं. काढलेल्या लादीच्या जागी दोन हात खोल भोक पाडून त्यात पाइपचा तुकडा बसवला. त्यात लाकडी पट्टी सोडायची आणि पाण्याची उंची मोजायची. रोज सकाळी सात वाजता. डाव्या पानावर तीन रकाने आखले: पाण्याची उंची, तिथी आणि भरतीची वेळ, इतर. तिसरा रकाना आखला, कारण विज्ञानाच्या कोष्टकात 'इतर' असतंच.

आजची उंची १४ सेंटिमीटर. इतर: पाहुणे चार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गुन्हेगार सापडला.

शेजारचा गुरुप्रसाद. माझा विद्यार्थी. विज्ञानात दोनदा आपटला आणि आता चार कॉटेजचा मालक आहे. या उन्हाळ्यात त्याने खाडीच्या अंगाला चिऱ्यांचा लांबलचक बांध घातला आणि पोहायची टाकी बांधली. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला खाडी, आणि मधे हा टाकीत पोहायला लोक बोलावतो. लोक येतातही.

माझा सिद्धान्त सोपा आहे. बांधामुळे भरतीचं पाणी त्याच्या बाजूने शिरू शकत नाही, म्हणून ते जमिनीखालून माझ्याकडे वळतं. मी जाऊन त्याला तोंडावर सांगितलं.

"सर, माजो बांध तुमच्या घरापासून दोनशे फूट लांब."

"गुरू, पाणी पट्टी घेऊन चालत नाही."

"बरा. मगे पंप देव काय? उपसून बगा चार दिस."

पंप देतो म्हणे. आधी पाणी सोडायचं आणि मग पंप द्यायचा. मी निघून आलो. मागून त्याने विचारलं, "लिलियन बाई कशी आसत?" मी फाटक लावून घेतलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

चर्चमधून, मिस्सेहून आल्यावर लिलियनला फोन केला. आवाज मोकळा वाटला. शिरोड्याची हवा चांगली आहे म्हणे. हवा तीच आहे, समुद्र तोच आहे, बारीक फरक एवढाच की तिथे ग्लिनिस आहे. मला वाईट वाटलं हे कबूल करतो. माझ्या घरात तिची छाती वाजते आणि दुसऱ्याच्या घरात वाजत नाही.

मग तिने विचारलं, "माडाक पाणी घालतंस मां?"

मी म्हटलं, "लिलियन, चौतीस वर्षांच्या माडाला कोणी पाणी घालत नाही."

"मी घालतंय," ती म्हणाली.

हा माड तिने लग्न होऊन आली त्या वर्षी लावला. त्याबद्दल ती नेहमीच जरा हळवी होते. दुर्गा, आमच्याकडे पाहुण्यांची कामं करायला येते ती, हल्ली रोज सकाळी त्याच्याखालून गळलेली नारळाची कोवळी बोंडं झाडून काढते. यंदा सगळीकडेच गळतात, असं मी तिला सांगितलं. "गुरूच्या माडाची गळनत नाय," ती म्हणाली. तिला विचारलं कोणी होतं?

शुक्रवारपासून कोल्हापूरचे आठ जण उतरलेत. समुद्रावरून आले की न्हाणीत शिरतात ते संध्याकाळपर्यंत आतच. बाटलीतला दाबून काढायचा साबण त्यांना कमी पडतो. ऑक्टोबरपासून हा तिसरा कॅन. दुर्गा झाकण उघडते तेव्हा आधी डोळे मिटून हुंगते.

आजची उंची २१. तीन दिवसांपूर्वी अमावास्या झाली. अमावास्येचं उधाण, पाणी वर. ज्याला डोळे आहेत त्याने बघावं. इतर: पाहुणे आठ.

२ डिसेंबर, मंगळवार

आठवडाभर एकही पाहुणा नाही. उंची रोज उतरते आहे. आज ६.

अडचण एवढीच, की परवा पौर्णिमा आहे आणि समुद्र रोज जास्त वर येतोय. उंची वाढायला हवी होती. पट्टीवर संशय आला म्हणून दुसरी पट्टी घेतली. तीही ६ म्हणाली. निसर्गात अपवाद असतात. चांगला संशोधक एका अपवादाने हातपाय गाळत नाही.

संधी बघून भिंत खरवडली, चुना मारला, पंखा तीन दिवस जमिनीकडे तोंड करून लावला. वरून जमीन कोरडी दिसते. लिलियनला फोन करून सांगितलं, सुकली, ये. भोकात सहा सेंटिमीटर पाणी होतं हे सांगितलं नाही. सहा म्हणजे काय मोठंसं!

६ डिसेंबर, शनिवार

लिलियन काल आली. आल्या आल्या खोलीत न जाता मागच्या दारी गेली आणि माडाकडे वर बघत उभी राहिली.

"पायस, ह्येका काय झाला? झावळां खाली पडली. चौतीस वर्सां मी न्हालंय ता सगळा पाणी हेनी पिला."

मी तिला सावकाश समजावून सांगितलं, की माडाची मुळं लांबवर पसरतात, त्याला आंघोळीच्या पाण्याची गरज नसते, ती आपली जुनी समजूत आहे. ती ऐकत नव्हती. घरातून तांब्या आणला आणि बुंध्याभोवतीच्या लाद्यांच्या फटीत ओतला. पाणी लाद्यांवरून वाहून दुसरीकडेच गेलं. "तेचो गळो आवळलंस," एवढं म्हणून आत आली. बायका झाडांशी बोलायला लागल्या की मी वर्तमानपत्र उघडतो.

आज सकाळपासून दोन्ही खोल्या भरल्या. बेळगावचे नऊ जण आहेत. उद्या रविवार.

९ डिसेंबर, मंगळवार

लिलियन परत शिरोड्याला गेली.

काल दुपारी जेवण झाल्यावर ती खाटेवर बसली आणि तिला श्वास घेता येईना. बोलता येईना. माझ्याकडे बघत होती आणि तोंड उघडंच राहिलं होतं. हातातला दम्याचा पंप दाबून दाबून संपला. मी एकतीस वर्षं मुलांना फुप्फुसं शिकवली, फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवली, आणि काल मला दारापर्यंत कसं जायचं तेही सुचलं नाही. दुर्गाच पळाली, गुरुप्रसादला घेऊन आली. त्याने लिलियनला उचलून गाडीत ठेवलं आणि मालवणला नेलं. वाटेत बांधाचं नाव काढलं नाही, तेवढी अक्कल त्याला आहे. दवाखान्यात नाकावर वाफेचा मास्क लावला. पाऊण तासाने ती मला म्हणाली, "घराचा दार बंद केलंस काय?"

मी घाबरलो. इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे सांगणार नाही. ती गेली तर मी या घरात काय करणार? मला चहासुद्धा तिच्यासारखा जमत नाही. मी सगळ्या गावाला नावं ठेवतो, आणि संध्याकाळी घरी येऊन ती सगळी नावं तिला सांगतो. ती हसते म्हणून ठेवतो. ऐकायला ती नसेल तर मी नुसताच एक कडवट म्हातारा आहे.

आज सकाळी ग्लिनिसच्या गाडीत बसताना ती म्हणाली, "फुडल्या खेपेक सुकली म्हणान सांगू नको. सुकली तरच सांग." तिला माहीत होतं. भोकात पट्टी सोडून तिने स्वतः बघितलं होतं.

उंची २३. इतर: पाहुणे नऊ.

१२ डिसेंबर, शुक्रवार

ग्रामपंचायतीत लेखी अर्ज दिला. गुरुप्रसादचा बांध तोडावा, अशी मागणी केली. सोबत कोष्टकाची प्रत आणि आकृत्या चार. ग्रामपंचायत अधिकारी अस्मिता, हीही माझीच विद्यार्थिनी. विज्ञानात शाळेत पहिली यायची. सरकारी खुर्चीत बसून तिची हुशारी कितपत टिकली असेल कोण जाणे.

तिने कोष्टक बराच वेळ वाचलं. मग म्हणाली, "सर, नाताळ झाला की एकोणतीस तारखेला पाहणीला येते. तोवर ही मोजणी चालू ठेवाल का? तिन्ही रकाने."

अर्थातच चालू ठेवणार. ती मला मोजणी शिकवते!

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ. मिस्सेला एकटा गेलो. फादरनी विचारलं, लिलियन कुठे? म्हटलं, शिरोड्याला, तिथली हवा चांगली आहे.

खोल्या भरल्या आहेत. माणसं बारा. पुण्याची ती रुमालवाली बाईही सहकुटुंब आली आहे. मागचं अंगण बघून म्हणाली, "आता कसं स्वच्छ वाटतं!" मला बरं वाटायला हवं होतं.

ग्लिनिसने माणसाहाती नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा पाठवला. लिलियनच्या हातच्या आहेत, काठांवरून ओळखल्या. दोन खाल्ल्या आणि झाकण लावून ठेवलं.

२७ डिसेंबर, शनिवार

उंची ३४. आजवरची सर्वांत जास्त. अमावास्येला सात दिवस उलटून गेले, समुद्राला उधाणही नाही. पण उधाणाचा परिणाम जमिनीखालून उशिरा पोचतो, हे उघड आहे. नोव्हेंबरात तीन दिवसांनी पोचला होता, आता सात दिवसांनी. वाळूचं असंच असतं.

परवा सगळ्यांसमोर प्रयोग करणार. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे सातवीतलं पोरही सांगेल. भोकातलं पाणी बाटलीत भरायचं, साबणाचा तुकडा टाकायचा, हलवायचं. फेस आला नाही की पाणी खाडीचं हे सिद्ध. मग गुरुप्रसादने आपला बांध हाताने उपटावा.

इतर: पाहुणे बारा.

२९ डिसेंबर, सोमवार

हे लिहिल्याशिवाय सुटका नाही.

अकरा वाजता अस्मिता आली, बरोबर पंचायतीचा शिपाई. गुरुप्रसाद आला. बाबलीही आला, त्याला कोणी बोलावलं नव्हतं. दुर्गा दारात उभी. मी खाट बाजूला सरकवली, पाइपमधून पाणी उपसलं, दोन बाटल्या भरल्या. दुसरी तुलनेसाठी आमच्या विहिरीच्या पाण्याची. एकतीस वर्षांची सवय, आवाज आपोआप वर्गातला लागला. "इकडे लक्ष द्या," म्हणालो. "आता मी यात साबण टाकणार आहे."

"सर, टाकू नका," अस्मिता म्हणाली.

"का?"

"आधी नुसती हलवून बघा."

मी भोकाच्या पाण्याची बाटली हलवली. साबण न टाकता. फेस गळ्यापर्यंत आला आणि खाली बसेना.

अस्मिताने बाटली माझ्या हातातून घेतली आणि नाकाशी नेली. "सर, पाहुण्यांना गुलाबाचा साबण देता का?"

"व्हय गो," दुर्गा म्हणाली. "तोच! बाय, तोच वास ह्या खोलयेक येता. माका वाटला, मीच हात धुवक नाय."

मी म्हटलं, एक प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे. अस्मिताने माझी प्रयोगवही मागितली. तिने कोष्टकावर बोट ठेवलं, मधला तिथीचा रकाना तळहाताने झाकला आणि पहिला व तिसरा मला वाचायला लावला. मी मोठ्याने वाचला. चौदा, चार. एकवीस, आठ. सहा, शून्य. तेवीस, नऊ. चौतीस, बारा.

"तुम्हीच शिकवलं होतं सर," ती म्हणाली, "कोष्टक आधी वाचायचं, मग निष्कर्ष लिहायचा."

गुरुप्रसाद हसेल म्हणून मी वाट बघत होतो. तो हसला नाही. खाटेचा एक पाय धरून त्याने खाट परत जागेवर ठेवली आणि म्हणाला, "सर, पंप आजून देतंय मी." बाबली तर खिडकीतून बाहेरच बघत होता. त्याने हसावं, टोमणा मारावा, एवढा तरी मान मला द्यायला हवा होता.

म्हणजे पाहुण्यांनी समुद्राची वाळू अंगावरून धुतली, ते पाणी मी माझ्या हाताने भिंतीलगत पुरलं, आणि वडिलांच्या लाल मातीने ते पिऊन लिलियनच्या खाटेखाली नेऊन ठेवलं. सुकायला जागा नको म्हणून अंगणावर लाद्याही मीच ठोकल्या. सायबीण माझ्या घरी आलीच नव्हती. ती पाच लिटरच्या कॅनमधून आली होती, आणि ग्लिनिसचं नाक माझ्या शास्त्रापेक्षा जास्त खरं बोललं.

अर्ज मागे घेतला.

३० डिसेंबर, मंगळवार

एकतीस वर्षं मी चुकीचा निष्कर्ष लिहिणाऱ्या पोरांच्या वह्या खिडकीतून बाहेर भिरकावल्या. आज तेवढंच आठवतंय.

२ जानेवारी, शुक्रवार

पाहुण्यांची पुढची सगळी नोंदणी रद्द केली. रुमालवाल्या बाईला मार्चमध्ये परत यायचं होतं. तिला फोनवर सांगितलं, मागच्या दारी पुन्हा चिखल होणार आहे. ती म्हणाली, "अरेरे." मी म्हटलं, "हो ना."

बाबली आणि मी दोघांनी अंगणातल्या लाद्या उखडल्या. मी पहार मारत होतो, तो बाजूला रचत होता. शोषखड्ड्याचं झाकण काढलं. तळाशी काळा थर, वर गुलाबी साय. वाळूची तोंडं साबणाने आणि मळाने केव्हाच बंद झाली होती, पाण्याला जायला वाट होती ती फक्त घराखाली. गुरूच्या पंपाने दिवसभर उपसला. मग रेती टाकून बुजवला.

जुना पाट शोधायला वेळ लागला नाही. दोन बोटं माती काढली आणि खाली तो तसाच होता, चिऱ्यांचे काठ झिजून गुळगुळीत झालेले. तो सरळ माडाकडे जात होता. बाबली आळं मोठं करत होता. मी विचारलं, "तेव्हा का बोलला नाहीस?"

"बोललंय मां. तुमी चित्र काढलात."

तो बाटलीतला साबण आता घरात येणार नाही. वडीचा आणला.

११ जानेवारी, रविवार

उंची ९. पौर्णिमेला समुद्र अंगणाच्या कुंपणापर्यंत आला होता, आणि भोकातलं पाणी त्या दिवशीही उतरलं. समुद्राला माझ्या घरात काडीचाही रस नाही. दोन महिने मी त्याच्यावर आळ घेतला.

रोज न्हाणीत मी नेहमीपेक्षा दोन बादल्या जास्त घेतो. पाटातून पाणी जाताना उभा राहून बघतो. मला हसू नकोस, असं दुर्गाला सांगायची वेळ आली.

तिने आज एक बोंड उचललं. काल तीन होती.

लिलियनला फोन रोज करतो, पण जमिनीविषयी बोलत नाही. तीही विचारत नाही.

२४ जानेवारी, शनिवार

नऊ दिवस भोक कोरडं आहे. कागदाचा तुकडा दोऱ्याने तळापर्यंत सोडतो, तो जसा जातो तसा वर येतो. भिंतीचा गिलावा नवा केला नाही. बाबली म्हणाला, उन्हाळाभर उघडी ठेवा, श्वास घेऊ द्या. आकृती न काढता मान्य केलं.

आता प्रश्न एवढाच, की लिलियनला सांगायचं कसं. सुकली म्हणून मी एकदा सांगितलं आहे. माझ्या बोलण्यावर ती विश्वास ठेवणार नाही, आणि तिचं बरोबर आहे. म्हणून दहाच्या गाडीने शिरोड्याला जातो आणि ही वही तिच्या हातात देतो. कोष्टक तिने स्वतः बघावं. पानं फाडायचं मनात आलं होतं, विशेषतः ९ डिसेंबरचं. फाडली नाहीत. प्रयोगवहीतून पान फाडलं की गुण कापतात, हा नियम माझाच.

निष्कर्ष: पाणी घरातलंच होतं. ते माडाचं होतं.

तपासणाऱ्याची सही:

२६ जानेवारी

पायस, मी लिलियन. तू मिस्सेक गेलंस म्हणान लिवतंय. तुजा लाल पेन सापडूक नाय, पेन्सिलीन लिवतंय.

वही सगळी वाचलंय. ग्लिनिसचा लिवलंस ता तिका दाखवचंय नाय. काल दुपारी हयसर, आपल्या खोलयेत झोपलंय, रातीव झोपलंय. एकदाव खोकूक नाय. भोकात पट्टी घालून बगलंय, सुकी इली. तुजा कोष्टक बरोबर आसा. अक्षर वायट.

९ डिसेंबरचा पान तीनदा वाचलंय. चौतीस वर्सां एका खोलयेत ऱ्हवलंव. ह्या माका तोंडान सांगूक नाय आणि वहीक सांगलंस? गावाक नावां ठेवूक तुका तोंड आसा, ह्या सांगूक नाय? आता इलंस की वाच आणि माज्यासमोर मोठ्यान वाच.

मी न्हालंय. पाणी माडाक गेला, मी उबी ऱ्हवन बगलंय. च्या ठेवतंय.

सही: लिलियन